काँत द ब्यूफाँ

जॉर्ज-लुई लक्लेर, काँत द ब्यूफाँ (७ सप्टेंबर १७०७ – १६ एप्रिल १७८८) हे फ्रेंच निसर्गवैज्ञानिक व गणिती होते. प्राणी व मानव यांच्या वाढीचा काळ आणि त्यांचे आयुर्मान यांची तुलना त्यांनी केली. मानवी वाढीची सर्वांत जुनी ज्ञात दीर्घकालीन नोंदही त्यांच्याच ग्रंथातून प्रसिद्ध झाली.

जीवन

ब्यूफाँ यांचा जन्म बर्गंडी प्रांतातील माँबार येथे झाला. दिझाँ येथे शालेय शिक्षण घेतल्यावर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला; मात्र त्यांचा ओढा गणिताकडे व निसर्गाकडे होता. न्यूटन यांच्या कलनशास्त्रावरील ग्रंथाचे त्यांनी फ्रेंच भाषांतर केले. १७३९ मध्ये ते पॅरिसच्या राजउद्यानाचे प्रमुख झाले व मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. १७५३ मध्ये ते फ्रेंच अकादमीचे सदस्य झाले. ‘हिस्त्वार नात्युरेल’ या त्यांच्या ग्रंथमालेचे पहिले खंड १७४९ मध्ये निघाले.

कुत्रा आणि माणूस

प्राण्याचे आयुष्य त्याच्या वाढीच्या काळाच्या सुमारे सहा-सात पट असते, असे ब्यूफाँ यांचे मत होते. माणूस चौदा वर्षे वाढतो, म्हणून तो नव्वद ते शंभर वर्षे जगू शकतो. कुत्रा सुमारे दोन वर्षे वाढतो, म्हणून तो चौदा वर्षे जगतो, असा हिशेब त्यांनी मांडला. कुत्र्याचे वर्णन १७५५ च्या पाचव्या खंडात आहे.

हा हिशेब ढोबळ निरीक्षणावर आधारलेला होता. प्रत्यक्ष मापनाची जोड मिळाली ती केवळ माणसाच्या बाजूला. ब्यूफाँ यांचे सहकारी गेनो द माँबेयार यांनी १७५९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७ पर्यंत वरचेवर मोजली. जन्मतः सुमारे ५१ सेंटिमीटर असलेला हा मुलगा अखेरीस सुमारे १८७ सेंटिमीटर उंच झाला. ब्यूफाँ यांनी १७७७ च्या पुरवणी खंडात ही मापे छापली आणि उन्हाळ्यात वाढ अधिक होते, असे नमूद केले. बालपणी मंदावत जाणारा वाढीचा वेग पौगंडावस्थेत पुन्हा उसळी घेतो, हे या मापांवरून स्पष्ट दिसते. अनेक मुलांना एकेकदाच मोजून काढलेल्या सरासरीत ही उसळी पुसट होते, कारण ती प्रत्येकात वेगळ्या वयात येते.

मूल्यमापन

ब्यूफाँ यांचा नियम पुढे टिकला नाही, आणि तो खुद्द कुत्र्यांतच मोडतो. लहान जातींची वाढ वर्षाच्या आत पुरी होते, तर महाकाय जातींना दीड ते दोन वर्षे लागतात. तरीही आयुष्य लहान जातींचेच अधिक असते. शिवाय माणसासारखी पौगंडावस्थेतील ठळक उसळी कुत्र्यात आढळत नाही. त्यामुळे कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा लोकप्रिय हिशेबही वाढीला लागू पडत नाही.

नियम चुकला, तरी त्याच व्यक्तीला पुन्हा पुन्हा मोजण्याची पद्धत मात्र रुजली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये सहा गावांत सुरू केलेल्या अभ्यासात मुलांची वाढ जन्माआधीपासून नोंदवली गेली. अमेरिकेत २०१२ पासून तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांची आयुष्यभराची नोंद ठेवली जात आहे. माणूस व कुत्रा यांच्या तुलनेसाठी दोन्ही बाजूंची मापे आवश्यक असतात. ब्यूफाँ यांच्याजवळ त्यांपैकी एकच बाजू होती.