सलीम अली आणि मामूंची छर्‍याची बंदूक

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. शेवटचा दिवस, म्हणजे १२ नोव्हेंबर, हा डॉ. सलीम अलींचा जन्मदिवस. शाळेच्या फलकावर त्यांचा फोटो लागतो. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. हा माणूस लहानपणी बंदूक घेऊन चिमण्या टिपत फिरायचा, हे सांगितलं की आमच्या वर्गातली मुलं एकदम गप्प होतात. काहींना ते खोटंच वाटतं. पण खरं आहे, आणि त्या बंदुकीशिवाय त्यांची गोष्ट पुरी होत नाही.

१८९६ साली मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भावंडांत सगळ्यांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील मोइजुद्दीन गेले, तीन वर्षांचे असताना आई झीनतुन्निसा गेली. मुलं पोरकी झाली, पण रस्त्यावर आली नाहीत. मामू अमिरुद्दीन तय्यबजी आणि मुमानी हमीदा बेगम यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी सगळ्यांना खेतवाडीच्या आपल्या घरात घेतलं. यतीम मुलांना घरात घेणं म्हणजे नुसतं जेवू घालणं नव्हे, हे त्या घराकडे बघून कळतं.

मामू शिकारीचे शौकीन. त्या काळात खात्यापित्या घरांत शिकार ही मर्दानी तालीम समजली जायची, गोरे साहेब असोत की नवाब असोत की मुंबईचे व्यापारी. सलीम दहाएक वर्षांचे असताना मामूंनी त्यांना छर्‍याची बंदूक दिली. आसपासची पोरं जमून नेमबाजीच्या स्पर्धा लावत. त्या पोरांत एक लांबचा भाऊ होता, नेम फार पक्का. नाव इस्कंदर मिर्झा. हेच पुढे पाकिस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. सलीमला शिकारीची पुस्तकं वाचायचं वेड होतं आणि मोठेपणी नामी शिकारी व्हायचं हे त्याचं स्वप्न होतं. सुट्टीत कुटुंब चेंबूरला जायचं. आज तिथे इमारती आणि ट्रॅफिक आहे, तेव्हा टेकड्या आणि झाडी होती. पोराला भटकायला रान मोकळं.

याच वयातली एक नोंद आहे, ती वाचताना आमच्यासारख्या शिक्षकाला दोन्ही वाटतं, वाईटही आणि कौतुकही. एक चिमणी घरट्यात अंडी उबवत होती आणि नर बाहेर पहारा देत होता. सलीमने नराला टिपलं. थोड्या वेळाने बघतो तर दुसरा नर त्या जागी हजर. त्यालाही टिपलं. असं करत सात दिवसांत आठ नर मारले, आणि दर वेळी नवा नर आला. निर्दयपणा म्हणाल तर आहेच. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाने मोजलं, लिहून ठेवलं, आणि मादीला पुन्हा पुन्हा जोडीदार कसा मिळतो हे त्याच्या ध्यानात आलं, हेही आहे. जवळपास साठ वर्षांनी त्यांची भाची लईक यांचे पती झफर फतेहअली पक्षीनिरीक्षकांसाठी एक वार्तापत्र चालवत होते, त्यात ती नोंद जशीच्या तशी छापली गेली.

आणि मग ती प्रसिद्ध चिमणी. एके दिवशी मारलेल्या चिमण्यांत एक वेगळीच निघाली, गळ्यावर पिवळा ठिपका. घरात शिकारीचा पक्षी हलाल करून खायची पद्धत होती. हा पक्षी नेहमीचा नाही, मग मुसलमानाला तो खायला चालतो का, असा प्रश्न पोराला पडला. बघा, पक्षीशास्त्राचा प्रश्न नव्हता तो, जेवणाचा होता, हलाल-हरामचा होता. तो पक्षी घेऊन मामूंकडे गेला.

आमच्या मते सगळी कहाणी इथे वळते. मामूंना तो पक्षी ओळखता आला नाही. बहुतेक घरांत अशा वेळी काय होतं? पोराला सांगतात, फेकून दे आणि अभ्यासाला बस. मामूंनी तसं केलं नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी होते. १८८३ साली निघालेली ही संस्था तेव्हा अपोलो स्ट्रीटवर होती. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने मामूंनी चिठ्ठी लिहून दिली आणि भाच्याला पक्ष्यासकट तिकडे धाडलं. इंग्रजी राज्य, समोर गोरा साहेब. पोराची छाती धडधडत होती, हे त्यांनी स्वतःच पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे.

मिलार्डनी पक्षी ओळखला. पीतकंठी चिमणी, आपल्याकडे तिला रानचिमणीही म्हणतात. पण साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. कपाटांचे खण एकेक करून उघडले, भुसा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले, पुस्तकं वाचायला दिली. पक्ष्याची कातडी कशी सोलायची, कशी टिकवायची, त्यावर तारीख-ठिकाण कसं लिहायचं, हे तिथल्या किनिअर नावाच्या क्युरेटरकडून शिकायला मिळालं. बंदूक तीच राहिली, पण तिचं काम बदललं. आता मारलेला पक्षी ताटात जाण्याआधी वहीत जायला लागला.

यानंतर पोरगं एकदम हुशार झालं असं काही नाही. तेराव्या वर्षी डोकेदुखीने इतकं पछाडलं की शाळा सुटली, कोरड्या हवेसाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवलं. १९१३ साली मॅट्रिक कसंबसं पास. पुढच्या वर्षी ब्रह्मदेशात तव्हॉयला, घरच्यांच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात मदतीला. धंद्यात मन लागेना, भोवतीच्या जंगलात मात्र लागे. बंदूक खांद्यावर टाकून भटकायचं, पक्षी बघायचे. १९१७ ला मुंबईत परतले, हिशेब आणि व्यापारी कायदा शिकले. सेंट झेवियर्सचे फादर ब्लाटर यांनी ओढ ओळखून प्राणिशास्त्राकडे वळवलं. १९१८ मध्ये तहमिना बेगम यांच्याशी निकाह झाला.

विद्यापीठाची पदवी नाही म्हणून झूलॉजिकल सर्व्हेत नोकरी मिळाली नाही. १९२६ ला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाईड-लेक्चरर झाले. रजा घेऊन बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकले, परत आले तर पैसा नाही म्हणून ती जागाच रद्द झालेली. नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घरासमोरच्या झाडावर सुगरणींची वसाहत. नर एक घरटं विणतो, मादीने ते पसंत केलं की दुसरं विणायला घेतो, दुसरी मादी आणतो. बेकार माणसाने तासन्‌तास बसून हे टिपलं आणि त्यावरचा लेख नावाजला गेला. इथे बंदूक नव्हती. फक्त डोळे, वही आणि सबर.

पुढे हैदराबाद, त्रावणकोर, अशा संस्थानांत पक्ष्यांची पाहणी झाली. तहमिना बेगम राहुटीतून राहुटीत सोबत असत. १९३९ मध्ये एका छोट्या ऑपरेशननंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहिणीच्या घरी राहिले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं, ते आजही विकलं जातं. अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्याबरोबर केलेला दहा खंडांचा ग्रंथ १९७४ पर्यंत पूर्ण झाला.

पाहणीच्या काळात त्यांनी अभ्यासासाठी पक्षी मारले, आणि ते कधी लपवलं नाही. कारणाशिवाय मारणं त्यांना घाण वाटायचं. संग्रहासाठी, अभ्यासासाठी मारावं लागतं, असं ते स्पष्ट मानत. भरतपूरचं उदाहरण घ्या. तिथे महाराजांचं पाणपक्ष्यांच्या शिकारीचं तळं होतं. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. तारीख पुन्हा वाचा. त्या दिवशी सलीम अली ४२ वर्षांचे झाले. हेच तळं शाबूत राहावं म्हणून ते पुढे झटले, आणि आज ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तिथेही बंदुका होत्या आणि खेतवाडीतही होती. एकीकडे मोजणी फुशारकीसाठी झाली, दुसरीकडे आठ नरांची मोजणी समजून घेण्यासाठी.

मुलं हमखास विचारतात, मग आम्ही पण एअरगन घेऊ का? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्या देशात रानपक्ष्यांची शिकार बंद आहे. मामूंनी दिलं ते आज वालिदैनने द्यायचं तर नेमबाजीसाठी क्लबची रेंज आणि पक्ष्यांसाठी दुर्बीण, एवढाच सरळ रस्ता आहे. चिठ्ठी मात्र आजही कोणीही लिहून देऊ शकतं. पोराने प्रश्न आणला आणि आपल्याला उत्तर येत नसलं, तर ज्याला येतं त्याच्या दाराशी नेऊन सोडायचं. कॉलेजचे प्रोफेसर असतील, वनखात्याचा गार्ड असेल, गल्लीतला कबुतरवाला चाचा असेल.

१९५८ ला पद्मभूषण, १९७६ ला पद्मविभूषण. त्याच सुमारास पन्नास हजार डॉलरचं गेटी पारितोषिक मिळालं, ते त्यांनी सोसायटीला देऊन टाकलं, जिथे दहा-बारा वर्षांचं पोर मेलेली चिमणी घेऊन गेलं होतं तीच सोसायटी. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र आलं. नावात चिमणीच आहे, खाली पडणारी. १९८७ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ९० वर्षांचे होते.