जहाजाच्या पोटावरची रेघ

एलिफंटाला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलात, की सेल्फी काढून झाल्यावर बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या मालवाहू जहाजांकडेही जरा बघा. जहाजाच्या साधारण मधोमध, पाण्याच्या वर, एक गोल रंगवलेला दिसेल. त्याला आरपार छेदणारी आडवी रेघ, आणि बाजूला शिडीच्या पायऱ्यांसारख्या आखूड रेघा. कुठल्यातरी कंपनीचा लोगो असेल असं वाटतं. पण तो लोगो नाही. ठरलेली रेघ पाण्याखाली जाईल इतका माल भरला, तर त्या जहाजाला बंदर सोडता येत नाही. एवढी साधी रेघ कायद्यात बसवायला एका माणसाची वीसेक वर्षं गेली. त्याचं नाव सॅम्युएल प्लिमसोल.

गंमत म्हणजे हा गडी खलाशी नव्हता, जहाजबांधणीतलाही नव्हता. जन्म ब्रिस्टलचा, 1824 सालचा. शाळा लवकर सुटली. शेफिल्डमध्ये एका दारूच्या भट्टीत कारकुनी केली, मग लंडनमध्ये कोळशाच्या धंद्यात उडी घेतली आणि सपशेल आपटला. खिशात पैसे नाहीत, म्हणून गरीब मजुरांच्या स्वस्त खोलीवर राहायची वेळ आली. पोटापाण्यासाठी धडपडणारी माणसं त्याने तिथे अगदी जवळून पाहिली. पुढे धंदा सावरला, पैसा आला, आणि 1868 मध्ये तो डर्बीचा खासदार झाला. पण त्या खोलीवरचे दिवस त्याच्या डोक्यातून गेले नाहीत.

आता तेव्हाच्या बंदरांत काय चालायचं ते बघा. जहाजात जितका जास्त माल, तितकं जास्त भाडं. म्हणजे मालकाचा फायदा जहाज शक्य तेवढं पाण्यात दाबण्यात. पण जहाजाचा जो भाग पाण्याच्या वर राहतो, त्याच्यावरच ते लाटेतून पुन्हा वर येतं. तो भाग कमी झाला की डेकवर पाणी चढतं आणि जहाज उठतच नाही. बुडालं तर? विमा होताच की! काही मालक तर कुजक्या जहाजांचा विमा त्यांच्या किमतीहून जास्त रकमेला उतरवायचे. जहाज पोहोचलं तरी नफा, बुडालं तरी नफा. अशा जहाजांना लोक शवपेट्याच म्हणायला लागले होते.

आणि खलाशी? करारावर सही आधी व्हायची, जहाज नीट बघायला मिळायचं नंतर. जहाजाची अवस्था पाहून कुणी जायला नकार दिला, तर तो गुन्हा. त्यासाठी शेकडो खलाशी तुरुंगात गेले. म्हणजे निवड काय, तर तुरुंग नाहीतर समुद्राचा तळ. यातला एकही मुद्दा गुप्त नव्हता. सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी वर्षानुवर्षं चालू होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. भाराच्या रेघेची मागणी प्लिमसोलच्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूकॅसलचे जेम्स हॉल हे स्वतः जहाजमालक असूनही आधीपासून यासाठी झटत होते. प्लिमसोलने तो विषय उचलला आणि इतका गाजवला की हॉल मागे पडले. नाव कुणाचं राहतं याचा हिशेब इतिहास नेहमी सरळ ठेवत नाही!

1873 मध्ये प्लिमसोलने खलाशांच्या स्थितीवर एक पुस्तक काढलं. पत्नी एलायझा या कामात त्याच्या बरोबरीने होती. पुस्तकाने देश हादरला, चौकशी आयोग नेमला गेला. पण त्यातले काही आरोप त्याला सिद्ध करता आले नाहीत, आणि जहाजमालकांनी त्याच्यावर बदनामीचे खटले भरले. खरं सांगायचं तर माणूस उतावळा होता. पुरावा हातात यायच्या आधी बोलून मोकळा व्हायचा. त्याचा तोटा त्याला झाला, आणि विरोधकांना आयतं कोलीतही मिळालं.

मग आला 22 जुलै 1875. पंतप्रधान डिझरायली यांनी सभागृहात जाहीर केलं, की जहाजांच्या सुरक्षेचं विधेयक या अधिवेशनात पुढे नेणार नाही. प्लिमसोलचा तोल सुटला. तो सभागृहाच्या मधोमध आला, मुठी आवळून ओरडला, खलाशांना मरणाच्या दारात पाठवणारे लोक याच सभागृहात बसलेत असा आरोप केला. अध्यक्षांनी शब्द मागे घ्यायला सांगितलं, त्याने साफ नकार दिला. आठवडाभराने येऊन माफी मागितली, पण ती वागण्याबद्दल. मुद्दा त्याने सोडला नाही. तोवर गावोगावी सभा सुरू झाल्या होत्या, वर्तमानपत्रं पेटली होती. सरकारला घाईघाईने तात्पुरता कायदा करावा लागला आणि 1876 मध्ये पक्का कायदा आला. प्रत्येक जहाजावर रेघ सक्तीची झाली.

जिंकला? थांबा. कायद्यात रेघ होती, पण ती कुठे मारायची हे ठरवायचं होतं मालकाने! म्हणजे परीक्षा तुमची आणि पासिंगचे मार्कही तुम्हीच ठरवायचे. एकाने तर ती थेट धुराड्यावर रंगवली असं सांगतात. रेघेची जागा कायद्याने पक्की व्हायला 1890 उजाडलं. तोवर प्लिमसोल खासदारही राहिला नव्हता. 1880 मध्ये जिंकलेली जागा त्याने सर विल्यम हार्कोर्ट यांच्यासाठी सोडली होती. मंत्री झालेला माणूस खलाशांसाठी आपल्यापेक्षा जास्त करू शकेल, हा त्याचा हिशेब. तो काही जुळला नाही. 1882 मध्ये एलायझा ऑस्ट्रेलियात वारली. तो मात्र थांबला नाही. खलाशांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, आणि जहाजांतून गुरं कोंबून नेण्याच्या क्रूरपणावरही त्याने पुस्तक लिहिलं. 1898 मध्ये फोकस्टन इथे तो गेला.

ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांना नियम लागला 1906 मध्ये. जगाचा मिळून करार झाला 1930 मध्ये, आणि सध्या चालतो तो 1966 चा. त्या शिडीसारख्या रेघा का असतात, तेही सांगतो. गोड्या पाण्याची घनता कमी, म्हणून त्यात जहाज जास्त खोल बसतं. हुगळीच्या पाण्यात भरलेलं जहाज समुद्रात आलं की जरा वर उचललं जातं, म्हणून गोड्या पाण्याची रेघ वर. हिवाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रासाठीची रेघ खाली, म्हणजे माल कमी. आपल्या अरबी समुद्रातही उन्हाळ्यात चालणारी उष्ण कटिबंधाची वरची रेघ पावसाळ्यात चालत नाही. तुमच्यापैकी कुणी नॉटिकल सायन्स करत असेल, तर त्याला विचारा. यावरची गणितं त्याला सोडवावी लागतात.

नुसती रेघ रंगवून मात्र काहीच होत नाही. बंदरात कुणीतरी जाऊन पुढची, मधली, मागची खोली वाचायला लागते, बादलीभर पाणी काढून हायड्रोमीटरने त्याची घनता बघायला लागते, आणि जास्त भरलेलं जहाज अडवून ठेवायची धमक लागते. जहाज कुठल्याही देशाचं असो, ज्या बंदरात ते आलंय तिथला सर्व्हेअर ते तपासू शकतो. हिंदी महासागराभोवतीच्या देशांनी या तपासणीसाठी 1998 मध्ये आपसात करार केला. त्याचं सचिवालय कुठे आहे माहितीये? आपल्या शेजारी, गोव्यात.