ज्ञानकोशकार केतकर : संशोधनकार्य आणि काळाचा हिशेब

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या तेवीस खंडांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'विषयी लिहिताना त्यांच्या व्यासंगाचा गौरव नेहमीच केला जातो. इतके विस्तृत काम एका तपाच्या आत-बाहेर पुरे कसे झाले, हा प्रश्न मात्र सहसा बाजूला राहतो. वस्तुतः केतकरांच्या चरित्राचा मर्मभाग याच प्रश्नात आहे.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. शालेय शिक्षण अमरावतीस आणि महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात झाल्यावर १९०६ साली ते अमेरिकेस गेले. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासाचा अभ्यास केला. त्या विषयावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला भाग १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९११ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे काही काळ लंडनमध्ये राहून १९१२ साली ते स्वदेशी परतले. कलकत्ता विद्यापीठातील अध्यापनात ते फार काळ रमले नाहीत. परदेशातील विद्याव्यवहार त्यांनी जवळून पाहिला होता. मोठे ग्रंथकार्य मंडळीच्या बळावर उभे राहते, एकट्याच्या अभ्यासिकेत नव्हे, ही त्यांची पुढील आयुष्यातील धारणा त्या अनुभवातून आली असावी.

ज्ञानकोशासाठी त्यांनी राजाश्रयाची वाट पाहिली नाही. नागपुरास लिमिटेड कंपनी स्थापून भागभांडवल गोळा केले आणि वर्गणीदार मिळवण्यासाठी गावोगाव हिंडले. पुढे कार्यालय पुण्यास हलले. विद्वानाने भाग विकत फिरावे, हे त्या काळातील अनेकांना विचित्र वाटले असेल. पण या रचनेचा एक परिणाम दूरगामी ठरला. भागीदार आणि वर्गणीदार यांना दिलेला शब्द हीच संपादकावरची मुदत झाली. लांबलेल्या प्रत्येक महिन्याला पगार आणि भाडे यांच्या रूपाने किंमत होती. एरवी संशोधकाला न दिसणारा काळाचा खर्च केतकरांना दर महिन्यास जमाखर्चाच्या वहीत दिसत होता.

याहून महत्त्वाची गोष्ट खंडांच्या क्रमाची. वर्णानुक्रमी कोशाची अडचण अशी, की 'अ'चा पहिला खंड छापण्यापूर्वी 'ह'पर्यंतच्या शब्दांची यादी बहुतांशी ठरलेली असावी लागते. कोणता विषय कोणत्या शब्दाखाली घ्यावा आणि कोठे केवळ निर्देश करावा, हे आधी न ठरले तर पुढे पुनरुक्ती तरी होते, नाहीतर विषयच गळतो. ही तयारी पूर्ण होईपर्यंत छपाई थांबवणे कंपनीला परवडणारे नव्हते. केतकरांनी पाच प्रस्तावना खंड आधी काढले : 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या', 'बुद्धपूर्व जग', 'बुद्धोत्तर जग' आणि 'विज्ञानेतिहास'. हे खंड विषयवार असल्यामुळे वर्णक्रमाच्या बंधनातून मोकळे होते. प्रकाशनास १९२० मध्ये प्रारंभ झाला; वर्गणीदाराच्या हाती ग्रंथ पडू लागला आणि त्याच अवधीत शरीरखंडांची सामग्री साठत गेली. सहा ते एकवीस हे शरीरखंड, बाविसावा सूचीखंड आणि तेविसावा हिंदुस्थानविषयक खंड, अशी एकूण मांडणी झाली. प्रस्तावना खंडांमागे केतकरांची समाजशास्त्रीय भूमिका होती हे खरेच, आणि अभ्यासकांनी तिच्यावरच भर दिला आहे. पण काळाच्या नियोजनाच्या दृष्टीनेही ही युक्ती असामान्य म्हटली पाहिजे.

सूचीखंडाचे महत्त्व आजच्या संशोधकाने विशेष ध्यानात घ्यावे. वर्णक्रमात विखुरलेली माहिती शोधण्याचे साधन दिल्याखेरीज कोश पुरा झाला असे केतकरांनी मानले नाही. आपल्याकडे नंतरच्या काळातही कित्येक जाडजूड ग्रंथ सूचीवाचून बाहेर पडले, हे पाहता त्यांची शिस्त अधिकच उठून दिसते.

या वेगाची किंमतही होती. नोंदींचा दर्जा एकसारखा नाही. कोठे मूळ संशोधन आहे, तर कोठे परकीय कोशांतील माहितीचा संक्षेप. संपादकाची मते काही नोंदींत माहितीवर मात करतात. दहा वर्षे अधिक घेतली असती तर कोश अधिक निर्दोष झाला असता, असे म्हणता येईल; मात्र तो पूर्ण झाला असता की नाही, याची शंकाच आहे. केतकरांनी पूर्णतेच्या बाजूने कौल दिला आणि मंडळाच्या इतिहासाला 'माझे बारा वर्षांचे काम' असे नावही दिले. ग्रंथाच्या नावात वर्षांचा आकडा घालणारा संपादक विरळाच.

१९२० मध्येच त्यांचा एडिथ कोन या लंडनमध्ये परिचय झालेल्या जर्मन ज्यू विदुषीशी विवाह झाला. व्रात्यस्तोम विधीने त्या शीलवती केतकर झाल्या. कोशाचे काम त्या दशकाअखेर संपले. १९३० मध्ये 'ब्राह्मणकन्या' आली, १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले.

या उत्तरकाळाकडे पाहिले की एक विसंगती जाणवते. योजना पूर्वीइतक्याच भव्य होत्या; पण आता ना कचेरी होती, ना मुदतीचे बंधन घालणारे वर्गणीदार. गुजराती ज्ञानकोशाचा उपक्रम तडीस गेला नाही. प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासाचा 'शातवाहन पर्व' हा भाग १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील पर्वे राहून गेली. कादंबऱ्यांतही विचारांची गर्दी आणि मांडणीची घाई सतत दिसते. तेवीस खंड वेळेत पुरे करणारी शिस्त केवळ व्यक्तिस्वभावात असती, तर ती या वर्षांतही टिकली असती. आर्थिक ओढग्रस्त आणि मधुमेह यांनी ग्रासलेल्या केतकरांचे १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात निधन झाले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते.

ज्ञानकोशाच्या कचेरीत तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे त्या वेळी 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड काढीत होते. १९३२ मध्ये सुरू झालेले ते खंड १९३८ मध्ये पुरे झाले.