जेम्स पार्किन्सन: रुग्णांची चाल पाहून आजार ओळखणारे डॉक्टर

दरवर्षी ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन दिन असतो. हा डॉ. जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस. १७५५ मध्ये लंडनच्या हॉक्स्टन भागात त्यांचा जन्म झाला. वडील तिथेच वैद्यकी करत. मुलानेही त्याच वस्तीत, आजच्या भाषेत फॅमिली डॉक्टर म्हणून, आयुष्य घालवले. जीवाश्मांचा अभ्यास हा त्यांचा छंद होता. गरिबांच्या बाजूने ते टोपणनावाने पत्रकेही लिहीत.

साठी उलटल्यावर, १८१७ मध्ये, त्यांनी सहा रुग्णांवर एक छोटा प्रबंध लिहिला. यातले काही जण त्यांना रस्त्यात भेटले होते, तर एकाला त्यांनी फक्त लांबून पाहिले होते. हात स्थिर असताना होणारा कंप, पुढे झुकलेले शरीर, धावत सुटल्यासारखी भरभर छोटी पावले ही सगळी एकाच, हळूहळू वाढणाऱ्या आजाराची लक्षणे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

त्यांचे काही अंदाज चुकले. आजाराचे मूळ मानेतल्या मज्जारज्जूत असावे, असे त्यांना वाटले. १८२४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे फ्रान्सचे डॉ. शार्को यांनी आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले आणि प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असे नाही, हेही सांगितले. मेंदूतल्या विशिष्ट पेशी नष्ट होऊन डोपामिन कमी पडते, हे विसाव्या शतकात कळले.

आजही हे निदान मुख्यतः रुग्णाला पाहून आणि तपासूनच होते. एमआरआय बहुधा इतर कारणे वगळण्यासाठी करतात. आजोबांचा चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक झाले, शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका.

मात्र प्रत्येक कंप म्हणजे पार्किन्सन नव्हे. कप उचलताना हात थरथरत असेल तर कारण वेगळे असू शकते. थायरॉईडमुळेही कंप येतो. चक्कर, उलटी किंवा मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणे दिसतात आणि औषध बदलल्यावर ती बहुतेकदा कमी होतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सगळी औषधे सोबत न्या. मनाने कोणतीही गोळी बंद करू नका.