ज्याच्या नावाने विजेचा दाब मोजतात

हिवाळ्याच्या दिवसांत पहाटे भाजीपाला भरून बाजाराला निघालेली पिकअप गाडी कधी कधी ऐन वेळी रुसून बसते. चालक किल्ली फिरवतो, तेव्हा दिवे लागतात. पण सेल्फ मारताच नुसती टकटक ऐकू येते आणि लागलेले दिवेही मंदावतात. मग मेकॅनिक येतो, बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या तारा लावतो, आकडा वाचतो आणि बॅटरी उतरली असल्याचे सांगतो. तो आकडा व्होल्टमध्ये असतो. हा शब्द आपण नित्य उच्चारतो. परंतु तो एका माणसाच्या नावावरून आला आहे, हे फारच थोड्यांच्या ध्यानी असते. त्या माणसाचे चरित्र विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

अलेस्सांद्रो व्होल्टा याचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी उत्तर इटलीतील कोमो या गावी झाला. गाव सुंदर सरोवराच्या काठी वसलेले आणि घराणे खानदानी. पण संपत्ती ओसरलेली. मूल चार वर्षांचे होईपर्यंत नीट बोलत नव्हते, म्हणून घरच्यांना ते मंदबुद्धीचे वाटले होते, असे सांगतात. पुढे अलेस्सांद्रो सात वर्षांचा असतानाच पित्याचे छत्र हरपले. वडीलधाऱ्यांच्या मनात त्याने वकील व्हावे असे होते, तर शाळेतील जेझुइट गुरूंना तो आपल्या पंथात यावा असे वाटत होते. त्याचे मन मात्र विजेने वेधले होते. अठराव्या वर्षाच्या सुमारास तो त्या काळच्या नामवंत शास्त्रज्ञांशी विजेविषयी पत्रव्यवहार करू लागला.

त्या काळी वीज म्हणजे काच किंवा राळ घासून मिळणारी ठिणगी, एवढाच बहुतेकांचा समज होता. व्होल्टाने ती मोजायला आरंभ केला. गवताच्या दोन बारीक काड्या शेजारी शेजारी टांगून, विद्युत्भार मिळताच त्या एकमेकींपासून किती दूर सरतात हे पाहणारे साधन त्याने बनवले. अशा प्रयोगांतून त्याने एक मोलाचा भेद ओळखला. वस्तूत वीज किती साठली आहे ही एक गोष्ट आणि ती किती जोराने बाहेर पडू पाहते ही दुसरी. उंचावरच्या लहान टाकीतील पाणी जोराने येते, पण लवकर संपते. सखल जागेवरच्या मोठ्या हौदात पाणी पुष्कळ असते, पण त्याला जोर नसतो. हा जोर म्हणजेच विजेचा दाब.

१७७८ मध्ये पाव्हिया येथील विद्यापीठात त्याची भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पुढे १७९१ मध्ये बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हॅनी या शरीरशास्त्रज्ञाने आपले प्रसिद्ध प्रयोग छापले. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श होताच तो आखडत असे. ही वीज प्राण्याच्या शरीरातील आहे, असे गॅल्व्हॅनीचे मत होते. व्होल्टाने ते प्रयोग स्वतः करून पाहिले आणि त्याचे मत बदलले. बेडूक हे केवळ वीज दाखवणारे साधन असून तिचे मूळ दोन भिन्न धातूंच्या भेटीत आहे, असे तो म्हणू लागला. दोन धातू जिभेवर ठेवून ते एकमेकांना टेकवताच चमत्कारिक चव येते, हाही अनुभव त्याने घेतला. वाद अनेक वर्षे चालला; तरी गॅल्व्हॅनीच्या शोधाचा गौरव करण्यात व्होल्टाने हात आखडता घेतला नाही.

त्याच वेळी इटलीत युद्ध पेटले होते. फ्रेंचांच्या नव्या राजवटीची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे गॅल्व्हॅनीची जागा गेली आणि १७९८ च्या डिसेंबरात तो निवर्तला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियाचे सैन्य परतले, पाव्हियाचे विद्यापीठ बंद झाले आणि व्होल्टाही पदाला मुकला. तो कोमोला गेला. याच पडत्या काळात त्याने बेडकाचा पाय दूर ठेवला आणि आपले म्हणणे सिद्ध करून दाखवले. चांदीची एक चकती, तिच्यावर जस्ताची आणि तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, असे थरावर थर त्याने रचले. एका जोडीचा दाब अगदी अल्प. पण जोड्यांमागून जोड्या चढत गेल्या तसे त्यांचे दाब एकत्र मिळाले. स्तंभाच्या दोन टोकांना बोटे लावताच झटका बसला, आणि तो पुनःपुन्हा बसत राहिला. जगाला अखंड विद्युत्प्रवाह प्रथमच मिळाला होता. २० मार्च १८०० रोजी त्याने हे वृत्त पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना कळवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निकल्सन व कार्लाइल यांनी अशा स्तंभाच्या साहाय्याने पाण्याचे पृथक्करण केले.

१८०१ मध्ये पॅरिस येथे व्होल्टाने नेपोलियनसमोर आपले प्रयोग करून दाखवले. सुवर्णपदक मिळाले, पुढे काउंट ही पदवीही लाभली. तरीही एका बाबतीत तो चुकला होता. धातूंचा स्पर्श एवढेच विजेचे कारण, असे तो मानत असे. खरी शक्ती धातू आणि द्रव यांच्यातील रासायनिक क्रियेतून येते, हे पुढील संशोधकांनी दाखवले. गॅल्व्हॅनीही सर्वस्वी चुकलेला नव्हता, कारण मज्जातंतूंत खरोखरच वीज खेळते. सत्याचा एकेक भाग दोघांच्या हाती होता.

१८१९ मध्ये व्होल्टा निवृत्त होऊन कोमोजवळच्या आपल्या घरी राहू लागला आणि ५ मार्च १८२७ रोजी त्याचे निधन झाले. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांची, पुन्हा भारित करता येणारी बॅटरी बनवली. १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत विद्युत्दाबाच्या एककाला व्होल्ट हे नाव देण्यात आले.

आता त्या रुसलेल्या पिकअपकडे वळू. तिच्या बॅटरीत सहा कप्पे एकापुढे एक जोडलेले असतात; प्रत्येकाचा दाब २ व्होल्टांहून किंचित अधिक. व्होल्टाच्या थरांप्रमाणेच येथेही बेरीज होते. पूर्ण भारित बॅटरी काही तास स्वस्थ ठेवली तर मीटर सुमारे १२.६ दाखवतो, १२.२ म्हणजे निम्मी शक्ती उरली, आणि आकडा १२ च्या खाली गेला तर ती बरीच रिकामी झाली असे समजावे. इंजिन चालू झाल्यावर आल्टरनेटर तिला भरू लागतो आणि आकडा १४ च्या आसपास चढतो. तो चढला नाही तर दोष भरणाऱ्या यंत्रणेत शोधावा. मात्र स्वस्थ असतानाचा आकडा चांगला असूनही सेल्फ मारताच तो ९ च्याही खाली कोसळला, तर बॅटरी आतून दुबळी झालेली असते. तिचा दाब दिसतो, पण ओझे येताच तो टिकत नाही. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून हे दुबळेपण हिवाळ्यात उघडे पडते.

दाब आणि साठा यांतील जो भेद व्होल्टाने गवताच्या काड्यांनी ओळखला, तोच आज मेकॅनिकच्या कामी येतो. त्याची अनेक मूळ उपकरणे १८९९ मध्ये कोमोच्या प्रदर्शनाला लागलेल्या आगीत जळाली. पण राजवटी बदलल्या, पद गेले, तरी मोजणे न सोडणाऱ्या या माणसाचे नाव प्रत्येक मीटरवर राहिले आहे. विद्यार्थ्यांनी दुसऱ्याचा प्रयोग आदराने वाचावा, पण तो स्वतः करून पाहिल्यावाचून त्यावर मत देऊ नये, हेच या चरित्राचे सार होय.