प्लेगची लस काढणारे हाफकीन साहेब

खेड्यांत लस टोचणारा आला म्हणजे लोक त्यास दोन प्रश्न विचारतात. ही लस तुम्ही स्वतः टोचून घेतली आहे काय? आणि हिच्यानें कोणास अपाय झाला तर त्याचा जाब कोण देणार? हे प्रश्न अडाणीपणाचे आहेत असें पुष्कळ शिकलेल्या लोकांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या गृहस्थांनीं मुंबईंत प्लेगवरची लस तयार केली, त्यांस हे दोन्ही प्रश्न आयुष्यांत भेटले. पहिल्याचें उत्तर त्यांनीं आपल्या देहानें दिलें. दुसऱ्यापायीं त्यांची जागा गेली. म्हणून त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

वाल्देमार हाफकीन यांचा जन्म इ. स. १८६० सालीं रशियाच्या राज्यांत ओदेसा शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. तेथील विद्यापीठांत मेच्निकोव नांवाच्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं ते प्राणिशास्त्र शिकले. इ. स. १८८१ सालीं त्या शहरांत यहूद्यांवर जमाव चालून आला, तेव्हां आपल्या लोकांच्या रक्षणार्थ हाफकीन पुढें झाले व त्याबद्दल त्यांस अटक झाली. पुढें त्यांनीं रशियन चर्चचा पंथ स्वीकारला असता तर त्यांस अध्यापकाची जागा मिळाली असती. पण नोकरीसाठीं धर्म बदलणें त्यांस मान्य झालें नाहीं. पोटासाठीं घेतलेल्या धर्माची किंमत काय असते हें आमच्या मंडळ्यांस सांगावयास नको. ह्या कामीं हाफकीन यांचा निर्णय योग्य होता असेंच आम्ही म्हणूं. देश सोडून ते प्रथम जिनीव्हास गेले आणि तेथून पॅरिस येथील पाश्चर यांच्या संस्थेंत आले. तेथें त्यांस आरंभीं काम मिळालें तें ग्रंथपालाचें! ते वैद्यकी शिकलेले नव्हते, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें ती त्यांस फार नडली.

त्या काळीं पटकीनें युरोपांत व हिंदुस्थानांत हजारों माणसें मरत होतीं. हाफकीन यांनीं पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली आणि जनावरांवर ती उतरल्यावर इ. स. १८९२ च्या जुलै महिन्याच्या १८ व्या तारखेस ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलें, व थोड्या दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर त्यांच्या कांहीं रशियन मित्रांनीं ती घेतली. इ. स. १८९३ सालीं ते कलकत्त्यास आले. आरंभीं लोकांनीं त्यांचा विश्वास धरला नाहीं, आणि गोऱ्या डॉक्टरांपैकींही पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. तरी ते गांवोगांव हिंडले, आणि इ. स. १८९५ पर्यंत बेचाळीस हजारांवर माणसांनीं त्यांच्याकडून टोचून घेतलें.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. ऑक्टोबरांत सरकारनें हाफकीन यांस मुंबईस आणविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक खोली व एक पडवी मिळाली, आणि मदतीस एक कारकून व तीन पट्टेवाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं तीन महिन्यांत लस सिद्ध केली. इ. स. १८९७ च्या जानेवारीच्या १० तारखेस त्यांनीं ती स्वतःस टोचविली, आणि तीही पुढें इतरांस देत त्याहून बऱ्याच मोठ्या मात्रेंत. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. कैद्यांस विचारण्यांत आलें, व सुमारें निम्म्या कैद्यांनीं टोचून घेण्यास हात पुढें केले. ज्यांच्या अंगीं रोग त्या दिवशींच होता ते वगळतां, टोचलेल्यांपैकीं दोघे आजारी पडले व दोघेही वांचले. न टोचलेल्यांपैकीं बारा आजारी पडले व सहा मेले.

येथें आम्ही थोडे थांबतों. कैद्याचा होकार हा मोकळ्या मनुष्याच्या होकारासारखा असतो काय? ज्याच्या दाराला बाहेरून कुलूप आहे त्यास निवड करावयास कितीशी जागा असते? आजच्या काळीं कैद्यांवर असे प्रयोग करण्यास फार कडक नियम आहेत, आणि ते असावेत हेंच बरें. तरी हाफकीन यांनीं बळजबरी केली नाहीं, आणि जें स्वतः घेतलें नव्हतें तें कोणास दिलें नाहीं, एवढें त्यांच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

त्याहून कठीण गोष्ट इ. स. १८९८ सालीं बडोदे संस्थानांतील उंढेरा ह्या गांवीं घडली. गांवांत प्लेग चालू होता. लस खरोखर उपयोगी आहे कीं नाहीं ह्याचा पक्का निवाडा व्हावा म्हणून हाफकीन यांनीं प्रत्येक घरांतील सुमारें निम्मीं माणसें टोचलीं व निम्मीं तशींच राहूं दिलीं. एक घर, एक चूल, एक विहीर. फरक काय तो सुईचा. पुढें ज्या घरांत रोग शिरला तेथील हिशेब असा निघाला कीं, टोचलेल्या ७१ जणांत ३ मेले व न टोचलेल्या ६४ जणांत २६ मेले. ह्या आंकड्यांनीं लसीची योग्यता सिद्ध झाली, व त्यामुळें पुढें असंख्य प्राण वांचले, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या सव्वीस जणांच्या आयांस हा हिशेब कसा समजावून सांगावा? लस चांगलीच आहे असें ठाऊक असतें तर तें करणें पाप झालें असतें. ठाऊक नव्हतें, म्हणून तें शास्त्र झालें. आम्हांस हें उत्तर पटतें, पण पुरतें समाधान होत नाहीं.

ह्याच सुमारास सरकारचे उपाय निराळ्याच रीतीनें चालले होते. इ. स. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला (तोच कायदा इ. स. २०२० सालीं कोरोनाच्या वेळीं पुन्हां लागू झाला). पुण्यांत गोरे शिपाई घरांत शिरून झडत्या घेऊं लागले, बायकामाणसांस बाहेर काढूं लागले. शेवटीं जून महिन्यांत प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांजवर गोळी घालण्यांत आली. लस मात्र सक्तीची नव्हती. आगाखान यांनीं ती लोकांदेखत टोचून घेतली, तेव्हां त्यांच्या अनुयायांनीं मागें पाहिलें नाहीं. मात्र टोचल्याचा दाखला असेल त्यास अडकवून ठेवण्यांतून सूट मिळे, हीही एक प्रकारची ओढच होती. तरी शिपायाच्या बुटापेक्षां ती पुष्कळ सौम्य.

इ. स. १८९९ सालीं परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें प्रयोगशाळा गेली व हाफकीन तिचे मुख्य झाले. पंजाबांत प्लेग पसरला तेव्हां लसीची मागणी अतोनात वाढली. काम लवकर उरकावें म्हणून हाफकीन यांनीं लसीच्या कृतींत फेर केला: पूर्वीं तींत कार्बोलिक घालीत, तें सोडून केवळ उष्णतेनें शुद्ध करण्याची, पॅरिस येथें चालत असलेली रीत त्यांनीं घेतली.

मग इ. स. १९०२ च्या ऑक्टोबरची ३० तारीख आली. पंजाबांतील मालकवाल नांवाच्या खेड्यांत त्या दिवशीं १०७ जणांस टोचण्यांत आलें. आठवड्याभरानें त्यांतील १९ जणांस धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही मेले. शोध करतां दिसलें कीं हे सर्व एकाच बाटलींतील लस घेतलेले होते. बाकीच्या बाटल्यांनीं कोणास कांहीं झालें नाहीं. जीं माणसें रोगी नव्हतीं, केवळ शब्दावर विश्वास ठेवून ज्यांनीं दंड पुढें केला, तीं मेलीं. आमच्या मतें ह्या चरित्रांतील सर्वांत जड पान हेंच.

सरकारनें चौकशी नेमली. बाटली उघडण्यापूर्वींच, म्हणजे परळ येथेंच, तींत विष गेलें असावें असा पंचांनीं निर्णय दिला, व कार्बोलिक सोडल्याचा ठपका हाफकीन यांजवर आला. त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. ते इंग्लंडास गेले. चौकशीचे कागद कित्येक वर्षें लोकांपुढें आलेच नाहींत. जेव्हां आले तेव्हां त्यांत एक साक्ष निघाली: बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशीं मालकवाल येथें मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो विस्तवावर न धरतां नुसता कार्बोलिकांत बुडवून पुन्हां वापरला गेला. शिवाय उघडतांना बाटलीस दुर्गंधी नव्हती; धनुर्वाताचे जंतू आंत आधींपासून वाढत असते तर ती यावयास पाहिजे होती. धनुर्वाताचे जंतू मातींत असतात हें शेतकऱ्यास सांगणें नलगे.

मलेरिया डासांमार्फत पसरतो हें दाखविणारे रोनाल्ड रॉस आणि दुसरे नऊ विद्वान् यांनीं इ. स. १९०७ च्या जुलईंत लंडनच्या टाइम्स पत्रांत सही करून लिहिलें कीं हाफकीन यांजवरील आरोप टिकत नाहीं. त्याच वर्षीं सरकारनें त्यांस निर्दोष ठरविलें. ते यहूदी, परके आणि पदवीवांचून वैद्यांत शिरलेले, म्हणून दोष त्यांच्या माथीं इतक्या लवकर बसला असें तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें, व आम्हांसही तें संभवनीय वाटतें. पण आमचें लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे जातें. पांच वर्षें वाद चालला तो एका साहेबाच्या अब्रूचा. कागद वेळेवर प्रसिद्ध झाले असते तर हाफकीन यांचा छळ टळला असता. आणि चिमटा जाळावरच धरला पाहिजे ही गोष्ट प्रत्येक टोचणाऱ्यास त्याच हिंवाळ्यांत कळली असती.

हाफकीन कलकत्त्यास परत आले, पण माणसांवर नव्या लसी अजमावण्याचें काम त्यांस पुन्हां मिळालें नाहीं. सेवानिवृत्त होऊन ते युरोपांत गेले. उतारवयांत त्यांचें मन आपल्या पूर्वजांच्या धर्माकडे अधिकच वळलें, आणि आपली मिळकत त्यांनीं यहूदी धर्मशाळांतील मुलांच्या शिक्षणास ठेविली. लग्न त्यांनीं केलें नाहीं. इ. स. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस हाफकीन इन्स्टिट्यूट हें नांव देण्यांत आलें, व तें अद्याप चालू आहे. ते स्वतः स्वित्झर्लंडांतील लोझान शहरीं इ. स. १९३० च्या ऑक्टोबरच्या २६ तारखेस वारले.