फॉर्म भरू की नको? विश्वेश्वरय्यांची पुण्याची वाट

माझ्या मामेभावाचा सध्या एकच प्रश्न आहे: पुण्याच्या सीओईपीचा पर्याय यादीत टाकू की नको? कटऑफ बघून त्याचा धीर सुटलाय. शिवाय घरी खर्चाची चिंता आहेच. मी त्याला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगितली, कारण ते याच कॉलेजात शिकले होते.

विश्वेश्वरय्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचे. शाळेत असतानाच वडील गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या घेऊन त्यांनी स्वतःचा खर्च भागवला. 1881 मध्ये ते बी.ए. झाले. त्या काळी एवढ्यावर बरी नोकरी मिळू शकत होती. पण त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं आणि त्यासाठी जायचं होतं पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. म्हणजे परका प्रांत, परकी भाषा आणि खिशात पैसे नाहीत. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून ते पुण्याला येऊ शकले.

1883 च्या परीक्षेत ते पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. धुळ्याकडे पांझरा नदीवर त्यांनी सायफनचं काम केलं. कालव्याचं पाणी बंद नळातून खाली उतरवायचं आणि पलीकडे पुन्हा वर काढायचं. बाहेर पडायचं टोक आत शिरायच्या टोकापेक्षा थोडं खाली ठेवलं, की पंपाशिवाय पाणी पोहोचतं.

मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं खडकवासल्याचं काम. पावसाळ्यात जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवायचं कसं? त्यांनी सांड�व्यावर आपोआप उघडणारी दारं बसवली, साल 1903. ठरलेल्या पातळीपर्यंत दारं पाणी अडवतात. पातळी त्याहून वर गेली की उघडतात, उतरली की पुन्हा मिटतात. आज आपण सेन्सर, कंट्रोलर आणि मोटार लावून जे करतो, ते इथे विजेशिवाय, पाण्याच्याच जोरावर होत होतं. पुढे अशी दारं ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणावरही बसली. 1955 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, 1962 मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस, 15 सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो.

आता भावाच्या प्रश्नाकडे येऊ. पहिला नंबर सगळ्यांचा येत नाही, माझाही आला नव्हता. पण या गोष्टीतून दोन कामाच्या गोष्टी घेता येतात. एक, पसंतीक्रमात हवं ते कॉलेज सगळ्यात वर टाक. ते नाही मिळालं तर यादीतल्या पुढच्या पर्यायाचा विचार होतोच, त्यामुळे वर टाकल्याने तुझं नुकसान होत नाही. न टाकलेलं कॉलेज मात्र कधीच मिळणार नाही. दोन, शिष्यवृत्तीचा फॉर्म त्याच आठवड्यात भर, प्रवेश मिळाल्यावर बघू असं म्हणू नकोस. उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो.

काल रात्री त्याचा मेसेज आला. यादीत सीओईपी पहिल्या नंबरवर आहे आणि दाखल्यासाठी मामा उद्या तहसील कचेरीत जाणार आहेत.